शेवटच्या ताटातला धागा

वेधशाळेत तिला सगळे सुईबाई म्हणत. इथं कामाला लागण्याआधी ती सासूच्या हाताखाली भरतकाम करायची. सासूची नजर करडी. टाका जरा वाकडा पडला की उसवून सुनेच्या हातात. ते काम सोडून सून इथं आली, तेव्हा सासू शेजारीपाजारी सांगत सुटली होती, की आमच्या हिनं कला सोडली आणि भोकं बुजवायला लागली.

तसं ते खोटंही नव्हतं. कवेत जेमतेम मावेल असं ॲल्युमिनियमचं गोल ताट. आभाळाच्या एका तुकड्यात जिथं जिथं दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा, तिथं नेमकं एक भोक. अशी शेकडो. प्रत्येकात काचेचा धागा हातानं बसवायचा. ताट दुर्बिणीला चढलं की एकेक धागा आपापल्या दीर्घिकेचा उजेड खाली आणतो. त्या उजेडातले रंग सुटे केले की ते तांबड्याकडे किती सरकलेत ते कळतं. जितके जास्त सरकलेले, तितकी दीर्घिका लांब. अशा लाखो दीर्घिका मांडत मांडत विश्वाचा नकाशा तयार होत होता.

आता धागे बसवायला यंत्राचे इवलेसे हात येणार होते. हाताचं हे शेवटचं ताट. त्यातला एक धागा सासूच्या हातचा असायला हवा, असं सुईबाईनं मनाशी ठरवलं. नजर अधू होऊन सुई सुटल्यापासून म्हातारी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी वावरायची.

सासू आली, पण कुरकुरत. वाकडं गेलं तर सुनेची अब्रू जायची, म्हणाली. सुईबाईनं समजावलं, की कुठलाही धागा कुठल्याही भोकात चालतो, कोण कुठं बसलंय ते नंतर यंत्र टिपून घेतं. फक्त तो शेवटपर्यंत आत बसला पाहिजे.

एकच भोक उरलं होतं. सासूनं पातळ हातमोज्यातून त्याची कड चाचपली. धाग्याचं टोक घसरलं. पुन्हा घसरलं. शेजारच्या टेबलावरच्या गप्पा थांबल्या. सुईबाईचा हात आपसूक पुढे गेला.

"हात मागे घे," सासू मान वर न करता म्हणाली. "तुला शिकवताना मी कधी मध्ये हात घातला होता?"

टोक आत गेलं. सासूनं अंगठ्यानं दाबून बसवलं.

मग धाग्यांच्या दुसऱ्या टोकाकडून उजेड सोडला. अर्धवट बसलेला धागा इथं अंधारा राहतो. तपासनीस ताटावर वाकला, एकेक ठिपका बघत गेला आणि सगळे लागले म्हणाला. सासूला नुसता धूसर उजेड दिसत होता.

"माझा कुठला गं?"

सुईबाईनं तिचं बोट धरून नेलं. "हा, आई."

जिना उतरताना सासूनं विचारलं, एवढं मोजून करायचं काय. सुईबाई म्हणाली, विश्व पसरतंय, आणि त्याला पसरवणारा जोर काळानुसार ओसरतोय की काय, अशी शंका नव्या नकाशांतून येतेय. अजून पक्कं नाही.

"मग मोजा नीट," सासू म्हणाली.

घराच्या दारात शेजारीण भेटली. सासू-सून जोडीनं कुठं गेला होतात, तिनं विचारलं.

"हिच्या कामावर," सासूनं पदर सारखा केला. "आज मी हिच्या हाताखाली होते."