दोन इवाई, दोन बोटी आणि माझं टक्कर-यंत्र

वैनगंगेत जहाजं चालत नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं. तरीही जहाजांची टक्कर टाळायचं यंत्र मी घरी आणलं. एक नाही, दोन!

कारण होतं घरचंच. माझे बाबा मासेमार. वय झालं, गुडघे कुरकुरतात, पण पहाटे डोंगा घेऊन नदीत गेल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. आमच्या पट्ट्यात डोंग्याला शीड लावणारे ते एकटेच. युरियाची पोती उसवून माझ्या आईनं ते शिवलेलं, त्यामुळे वारा भरला की नदीवरून खताची जाहिरात जाते आहे असं वाटतं. आणि बाबांना ऐकू कमी येतं. हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, फक्त बाबांना मान्य नाही. ("मले ऐकू येते! तुमीच हळू बोलता बे!")

नदीच्या या बाजूला आमचा गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. पलीकडच्या घाटावर इंजिनाची बोट चालवतात ते माझे सासरे, मामाजी. मागच्या पौषात धुक्यामध्ये मामाजींची बोट बाबांच्या डोंग्यावर आदळली. बाबा पाण्यात पडले आणि आठ दिवस तापानं फणफणले. मामाजी भेटायला आले ते आत न येता दारातूनच म्हणाले, "मी तं हॉर्न वाजवला होता. इवाईले ऐकूच नाई आला, त्याले मी काय करू?"

इवाई म्हणजे व्याही. झालं! तापात निपचित पडलेले बाबा ताडकन उठून बसले. बहिरं म्हटलं, तेही सुनेच्या बापानं, तेही शेजाऱ्यांसमोर! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. माझी बायको रेखा माहेरी जायची तर बाबा म्हणत, "जा, पण त्या बोटीत नाई." म्हणजे पंधरा मिनिटांच्या माहेराला पुलावरून अर्ध्या दिवसाचा फेरा. वर्षभर ती असा फेरा घालत राहिली आणि वर्षभर मी तिचं तोंड पाहत राहिलो.

शिवाय पुन्हा पौष आला. पुन्हा धुकं पडायला लागलं. रोज सकाळी आई घाटावर जाऊन उभी राहायची. डोंगा दिसेपर्यंत ती कुणाशी बोलत नसे.

"बाबाले म्हण, नदी सोडा," आई मला म्हणाली.

"तूच म्हण."

"म्या म्हटलं. त्याईले ऐकू नाई आलं."

माझं चामोर्शीला मोटारपंप रिवायंडिंगचं दुकान आहे. जळक्या मोटारींना मी जिवंत करतो, त्यामुळे विजेवर चालणारी कुठलीही अडचण आपण सोडवू शकतो असा माझा समज होता. पंधरा दिवस मी गिऱ्हाइकांच्या मोटारी बाजूला सारून मोबाईलवर समुद्राचा अभ्यास केला.

मोबाईलवर बोटी दाखवणारं ॲप सगळ्यात सोपं होतं. पण त्याला नेटवर्क लागतं, आणि आमच्या घाटावर नेटवर्क यायला चिंचेवर चढावं लागतं. डोंग्यात चिंच कुठून आणणार? मग रडार पाहिलं. त्याचा घुमट एवढा, की डोंग्यावर ठेवला तर टक्कर व्हायच्या आधीच डोंगा बुडाला असता. (टक्कर टळली असती, हेही खरं!) मग एक स्वस्तातली पेटी सापडली, जी दुसऱ्यांच्या बोटी दाखवते पण आपली बोट कुणाला दाखवत नाही. म्हणजे बाबांना मामाजी दिसणार, मामाजींना बाबा नाही. तसं तर मागच्या वर्षीही मामाजींना बाबा दिसले नव्हतेच!

शेवटी माझा शाळेतला मित्र दिनू कामी आला. तो कोकणात बंदरावर बोटींची विजेची कामं करतो. तो म्हणाला, "स्वतंत्र सेट घे. स्क्रीन, अँटेना, भोंगा, सगळं एकाच डब्यात. मोबाईल नको, नेटवर्क नको. आपली जागा दुसऱ्याला सांगते, दुसऱ्याची आपल्याला दाखवते. जवळ आला की बोंबलते. पण समोरच्याकडं पण पाहिजे बरं का! नाहीतर तुला काहीच दिसणार नाही."

"म्हणजे दोन लागतील?"

"दोन. मी पाठवतो. भंगारातल्या बोटीवरचे आहेत, पण चालू आहेत. त्यासोबत पुस्तक येईल, ते पूर्ण वाच."

मी 'हो' म्हणालो. पुस्तकाचं बॅटरी जोडायचं पान वाचलं. तेवढं पुरे होतं.

सेट सुरू केल्यावर त्यानं पहिलाच प्रश्न विचारला: बोट कोणत्या जातीची? मालवाहू, प्रवासी, तेलवाहू, मासेमारी, की शिडाची? बाबांना विचारलं तर म्हणाले, "लिव्ह, सागवानी." मी शिडाची लिहिलं.

आता उरलं दोघांना राजी करणं. बाबा म्हणाले, "मले काऊन? ठोकलं त्यानं. त्याच्या गळ्यात बांध घंटी!" पुलावरून पलीकडे गेलो तर मामाजी म्हणाले, "मले काऊन? बहिरे ते हायत!" मग मी एक चूक केली. समुद्राचा नियम सांगितला, की इंजिनाच्या बोटीनं शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते.

मामाजींचा चहाचा कप बशीवर आदळला. "जावई, तुमी माह्या घरी बसून, माह्याच दुधाचा चहा पिऊन, मलेच हटाले सांगून राह्यले का?"

शेवटी रेखानं तोंड उघडलं. तिनं दोघांना वेगवेगळं गाठून एकच वाक्य सांगितलं, "तुमच्या दोघाईपैकी कोणी नदीत गेलं तं मी कोणाच्या बाजूनं रडू?" दोन्ही सेट बसले.

बाबांच्या कानांचा विचार करून मी त्यांच्या सेटला ट्रकचा रिव्हर्स हॉर्न जोडला. इथपर्यंत माझी हुशारी शाबूत होती.

एका रविवारी सकाळी चाचणी ठरली. आमच्या डोंग्यात मागे वल्हं घेऊन बाबा, पुढे सेट घेऊन मी. पलीकडे मामाजी इंजिनाशी, आणि रेखा त्यांचा सेट मांडीवर घेऊन, कारण मामाजींना स्क्रीनवरचं वाचता येईना. ती आदल्याच दिवशी पुलावरून गेली होती. नदीच्या मधोमध दोन्ही बोटींनी आपापल्या उजवीकडे वळून एकमेकींना ओलांडायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. हवा स्वच्छ होती. आई घाटावर उभी होती.

मी बटण दाबलं आणि हॉर्न फुटला! घाटावरच्या म्हशी पाण्यातून उठून धावत सुटल्या, धुणं धुणाऱ्या बायांनी लुगडी सोडून कानांवर हात ठेवले आणि वरच्या देवळाची कबुतरं चंद्रपूर जिल्ह्यात गेली. झालं असं, की यंत्र समुद्रासाठी बनवलेलं. बोट अर्ध्या मैलावर आली की ते धोका समजतं. आणि आमची हिवाळ्यातली नदी अर्धा मैल रुंदसुद्धा नसते! मामाजी अजून पलीकडच्या घाटाला दोरीनं बांधलेले होते, तरी यंत्राच्या मते ते आमच्या अंगावर येत होते.

बाबा मात्र आनंदानं उभे राहिले. "मले ऐकू आलं! पयल्यांदा एवढं साफ ऐकू आलं!"

सगळा घाट हसला. आपण काय कबूल केलं ते बाबांच्या लक्षात आलं आणि ते खाली बसले.

मी धोक्याचं अंतर कमी करत करत पन्नास मीटरवर आणलं. हॉर्न गप्प झाला. आम्ही निघालो.

पाव नदी पार केली असेल, आणि धुकं उतरलं. उतरलं म्हणजे कसं, तर आधी देऊळ गेलं, मग घाट गेला, मग आई गेली. वारा पडला, शीड लुळं झालं. मला बाबा दिसत होते, बाबांच्या मागे काहीच नव्हतं.

"परत जाऊ," बाबा म्हणाले.

"काऊन? याच्यासाठीच तं यंत्र हाय!" मी म्हणालो. बाबांनाही स्क्रीन दिसावी म्हणून मी त्यांच्याकडे तोंड करून, डोंग्याच्या नाकाकडे पाठ करून बसलो होतो. स्क्रीनवर मामाजींचा छोटा त्रिकोण दूर होता. आमचा मध्ये. सगळं कसं छान!

थोड्या वेळानं बाबांनी नाक वर केलं. "डिझलचा वास येऊन राह्यला."

"वास दुरून येते, बाबा. तीनशे मीटर दूर हायत ते."

"पायाखालची फळी थरथरून राह्यली."

"थंडी हाय."

खरं सांगायचं तर इंजिनाचा आवाज मला स्वतःलाही येत होता. माझे कान ठणठणीत आहेत. तो आवाज वाढतही होता. पण त्रिकोण हलत नव्हता! मी मनाला समजावलं, की धुक्यात आवाज फसवतो, यंत्र फसवत नाही.

बाबांचे डोळे एकदम मोठे झाले. माझ्या खांद्यावरून ते पलीकडे पाहत होते. मला वाटलं, स्क्रीन पाहून चकित झाले.

"बे, समोर—"

"उजवीकडे घ्या!" मी हुकूम सोडला आणि उजवा हात केला. मी उलटा बसलेलो. माझं उजवं ते बाबांचं डावं. कानांनी काही ऐकलं नाही तरी बाबांनी हात बरोबर पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुलाचं ऐकलं.

धाड!

मी पाठीवर पाण्यात गेलो. बर्फासारखं पाणी नाकातोंडात शिरलं. वर यायला हात मारले तर वर पाणी नव्हतं, कापड होतं. शिडाचा बांबू मोडला होता आणि युरियाची सगळी पोती माझ्यावर पसरली होती. जिकडे डोकं काढावं तिकडे ओलं पोतं! दोरी पायात गुंतली. छातीत श्वास मावेना. वर कुठेतरी रेखा माझं नाव घेऊन किंचाळत होती. त्या क्षणी मला हसू आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मला आई दिसली, घाटावर उभी.

मग दोन्हीकडून धप्पकन काहीतरी पडलं. एका हातानं माझी कॉलर धरली, दुसऱ्यानं केस. कापड बाजूला झालं आणि मी उजेडात आलो. डाव्या दंडाला बाबा, उजव्याला मामाजी. दोघंही कपड्यांसकट पाण्यात.

"इवाई, सोडू नका त्याले!" बाबा ओरडले.

"धरला जी, पक्का धरला!"

वर्षभरातलं दोघांचं ते पहिलं बोलणं.

तिथं पाणी छातीएवढंच होतं, हे उभं राहिल्यावर कळलं. मी खोकत होतो, रेखा बोटीत बसून रडत होती आणि दोघं म्हातारे मला पोत्यासारखं रेतीच्या बेटाकडे ओढत होते. आणि तेव्हा आमच्या डोंग्यातला ट्रकचा हॉर्न दणाणला! टक्कर होण्याचा धोका आहे, असं यंत्र सांगत होतं.

दिनूनं नंतर फोनवर समजावलं. बोट अगदी हळू चालत असेल तर ते सेट आपली जागा दर तीन मिनिटांनी कळवतात. म्हणजे ज्या त्रिकोणावर मी बापाचा जीव टांगला होता, तो शिळा होता. "पुस्तकात लिहिलंय की!" तो म्हणाला.

रेतीवर झाऊची वाळकी झुडपं पेटवून आम्ही शेकत बसलो. मामाजींनी बोटीतलं कोरडं ब्लँकेट आधी बाबांच्या खांद्यावर टाकलं.

"मांगच्या साली," बाबा विस्तवाकडे पाहत म्हणाले, "तुमचा हॉर्न मले नाई ऐकू आला, इवाई. खरंच नाई आला."

मामाजींनी काटकीनं निखारा सारला. मग बाबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "हॉर्न वाजवला जी मी. पण बोट जोरात होती. धुक्यात एवढी जोरात आणाची नसते. चुकी माही."

रेखा पदरानं डोळे पुसत हसली. आपल्यामुळे दोन घरं पुन्हा जोडली गेली, असं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. त्याबरोबर दोघं एकाच वेळी माझ्याकडे वळले.

"तू गप बस बे!" बाबा म्हणाले.

"समोर पाहाले का झालं होतं, जावई?" मामाजी म्हणाले. "देवानं डोळे पुढं देले, अन् तुमी बसले पाठ करून!"

मी रेखाकडे पाहिलं. तिच्याही मांडीवर सेट होता, तीही आपल्या बापाला 'ते दूर हायत' असंच सांगत होती, हे तिनं मला नंतर कबूल केलं. पण त्या वेळी ती दोघांच्या मधे जाऊन बसली आणि मान हलवत म्हणाली, "सांगा त्याईले जरा!"

आता रेखा माहेरी बोटीनं जाते. बाबा आणि मामाजी रोज सकाळी फोनवर बोलतात. बाबांना ऐकू जावं म्हणून मामाजी इतक्या जोरात बोलतात, की फोन नसता तरी चाललं असतं. दोन्ही सेट मी काढून ठेवले, कारण धुक्यासाठी दोघांनी आपली स्वतःची धोक्याची सूचना सुरू केली आहे. बोट सोडायच्या आधी मामाजी फोनवर ओरडून एवढंच विचारतात,

"इवाई, पोट्टा घरीच हाय ना?"

आणि बाबा मला झोपलेला बघून खात्री करतात, मगच ओरडून सांगतात, "हाय जी! सोडा बोट!"