नऊ वेळा वापरलेला शब्द

टाइपरायटरवर ती मैद्याच्या पिशवीचं धुतलेलं कापड घालायची. ते काढण्याआधी हात धुवायची. पानात गुंडाळलेली मक्याच्या पिठाची केंकी खाऊन झाली की तिचं पान चौकोनी घडी करून ठेवायची, जणू कुणाला परत करायचंय. पूर्णविराम इतक्या जोरात मारायची की तिच्या पत्रात प्रत्येक वाक्याच्या शेवटी भोक असायचं. माणूस बोलत असताना ती कागदाकडे बघायची नाही. त्याच्या तोंडाकडे बघायची.

आंटी केत्सिवा शनिवारी गेली. आज बुधवार आहे. मला अजून नीट कळलेलं नाही.

समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावात कोर्टासमोर कडुनिंबाखाली तिचं टेबल होतं. मी केप कोस्टच्या विद्यापीठात साहित्य शिकलो आणि सरकारी सेवेचं सक्तीचं वर्ष काढायला कोर्टाच्या कचेरीत आलो. पहिल्याच आठवड्यात तिच्या एका पत्रातली चूक दाखवायला गेलो. चूक नव्हती. तिने मला बसायला खोका दिला आणि अर्धी केंकी. त्यानंतर दुपारचं जेवण तिच्याबरोबरच.

एकतीस वर्षं ती याच कोर्टात टायपिस्ट होती. निकाल वाचला जायच्या आदल्या दिवशी तो तिच्या हाताखालून जायचा. हे सगळ्या गावाला माहीत. आरोपीचे नातेवाईक संध्याकाळी तिच्या वाटेवर उभे राहायचे. विचारायचे काही नाहीत. नुसते तिचं तोंड बघायचे. त्या तोंडावरून एकतीस वर्षांत कुणाला एक अक्षर वाचता आलं नाही.

"तुझ्या भावाचा निकाल होता तेव्हासुद्धा?" मी विचारलं होतं.

"तेव्हा त्याला जेवायला वाढलं. मिरची कमी झाली का, म्हणून विचारलं."

त्या निकालांत एक शब्द सारखा यायचा. काउंटेनन्स. भारदस्त इंग्रजी शब्द, घरात कुणी वापरत नाही. त्याचा एक अर्थ चेहरा, चेहऱ्यावरचा भाव. दुसरा, खपवून घेणं. हा दुसरा बहुतेक नकारातच येतो: हे न्यायालय असले वर्तन खपवून घेणार नाही.

"हे वाक्य मी शेकड्यांनी टाइप केलं, फीफी. आणि शेकड्यांनी खपवून घेतलेलं बघितलं. शब्द चपलेसारखा झिजतो बघ. पायात असतो, पण खडे टोचतात."

म्हणून निवृत्त होऊन पत्रं लिहायला बसली तेव्हा तिने एक नियम केला. बावीस वर्षांत तो शब्द तिने नऊ वेळा लिहिला. मागणारे रोज यायचे. गावात बातमीच होती की केत्सिवाकडे एक शब्द आहे, तो पत्रात पडला की समोरचा मागे सरतो. एकाला तो शेजाऱ्याच्या कोंबडीसाठी हवा होता.

"कोंबडीला इंग्रजी येतं का?" तिने विचारलं.

"नाही आंटी, शेजाऱ्याला येतं."

"मग शेजाऱ्याला आपल्या फांटी बोलीत सांग. भिंत ती केवढीशी तुमच्यामध्ये!"

ज्याला तो शब्द खरंच हवा असेल त्याला समोर बसावं लागे. आंटी स्वतः विरुद्ध पक्ष व्हायची. त्याच्यासारखं बोलायची, त्याच्यासारखी खाकरायची. समोरच्याने तिच्या डोळ्यात बघून नाही म्हणायचं. तोंड टिकलं तर शब्द मिळायचा. नाही टिकलं तर 'आपला आभारी राहीन' असं लिहून मिळायचं. ज्या नऊ जणांना तो मिळाला, त्यांपैकी एकानेही नंतर मान तुकवली नाही. हे सांगताना मात्र तिचं तोंड सगळं बोलायचं. अभिमान लपवायला ती कधी शिकलीच नाही.

एकुआ तविया तीन आठवड्यांपूर्वी आली. मंगळवार होता. मंगळवारी समुद्रावर होड्या जात नाहीत, म्हणून मासळीच्या बायका मंगळवारी येतात. तिचा नवरा वारला होता. आमच्याकडे वारसा बहिणीच्या मुलाकडे जातो, म्हणून नवऱ्याचा भाचा बोंडझी वारस. घर त्याने घेतलं, एकुआ काही बोलली नाही. आता त्याला मासळी धुरवायची शेड हवी होती. त्या शेडमधल्या चार भट्ट्या एकुआने माती कालवून स्वतः बांधलेल्या. त्या गेल्या तर तिने खायचं काय?

"आंटी, तो शब्द लिहा," ती म्हणाली.

"बस. मी बोंडझी." आंटी खुर्चीत मागे रेलली, पाय पसरले. "काय मामी, शेडची किल्ली कुठाय?"

एकुआला हसू आलं.

"हसलीस. हसून म्हटलेलं 'नाही' बोंडझीला 'हो' ऐकू येतं. पुढच्या मंगळवारी ये."

दुसऱ्या मंगळवारी ती रडली. आंटीने तिला पाणी दिलं, शब्द दिला नाही. मी चिडलो.

"लिहून टाक ना. एका शब्दाने तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. पत्र पोचलं की बोंडझी हिच्या दारात येईल. तेव्हा तिथं ही असणार, मी नाही, तू नाहीस, तुझी डिग्री नाही. कागदावर एक आणि तोंडावर दुसरं असेल तर तो त्याच दिवशी भट्ट्या फोडेल."

तिसऱ्या मंगळवारी एकुआला जवळजवळ जमलं. आंटीने टाइप करायला घेतलं. शेड कुणी बांधली, माती कुठून आणली, सगळं लिहिलं. शेवटच्या वाक्याशी आली. इंग्रजीत 'नाही' आधी येतं, काय नाही ते नंतर. 'नाही'पर्यंत टाइप करून तिने वर बघितलं.

"मामी, शेवटचं विचारतो. किल्ली?"

"नाही," एकुआ म्हणाली. आणि नजर खाली गेली.

आंटीने हात उचलला. "एवढंच राहिलं गं. केसाएवढं. कागद मशीनमध्येच राहू दे. मंगळवारी ये." तिने वरून कापड घातलं.

शनिवारी पहाटे ती झोपेतच गेली. तिच्या बहिणीने सांगितलं, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

काल मंगळवार. मी टेबलापाशी बसलो होतो, कारण दुसरीकडे कुठे बसावं सुचेना. एकुआ आली. अंगावर सुतकाचं काळं-लाल कापड. गावात कळायचं राहिलं नव्हतं, तरी आली. रिकाम्या खुर्चीसमोर बसली.

"मंगळवार म्हणाल्या होत्या," ती म्हणाली.

मी उठून आंटीच्या खुर्चीत बसलो. पाय पसरता आले नाहीत. "मी बोंडझी," म्हणालो. "मामी, किल्ली?"

"नाही."

तिने नजर हलवली नाही. रागही नव्हता तोंडावर. भट्टीच्या भिंतीसारखं होतं ते तोंड, आतला जाळ बाहेर न दाखवणारं. शेवटी मीच खाली बघितलं.

मी कापड काढलं. हात धुतले नव्हते हे नंतर लक्षात आलं. "लिहू?" मी विचारलं. "हे दहावं होईल."

"नको रे बाळा. त्यांचं काम त्यांच्याकडेच राहू दे."

"मग बोंडझीला काय देणार?"

"देतेय कशाला?" ती उठली, कापड घट्ट खोचलं. "मी जातेच आहे त्याच्याकडे."

आज सकाळी समुद्राकडे गेलो होतो. तिच्या चारही भट्ट्यांतून धूर निघत होता. बोंडझी रस्त्याच्या पलीकडे उभा होता, हाताची घडी घालून. पलीकडेच. एकुआने वर न बघता मासा उलटला.

कागद अजून मशीनमध्ये आहे. आज मी तो जवळून बघितला. 'नाही' टाइप केल्यावर आंटीने मधली मोकळी जागासुद्धा मारून ठेवली आहे. कळ दाबली की पुढचं अक्षर नेमकं जागेवर पडेल.