न लागलेला चटका

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. राजिवड्यातल्या घरात खिडकीशी बसून हुदा लॅपटॉपवर एक आकडा बदलते आणि गणित पुन्हा चालवते. आकडा तिच्या आईच्या मज्जारज्जूतल्या पोकळीच्या रुंदीचा आहे. सात मिलिमीटर.

हुदा बत्तीस वर्षांची. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर गणित शिकवते आणि पीएचडी करते. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तो वरखाली सरकतो. कवटीच्या तळाशी त्याची वाट अडली, की मज्जारज्जूत पोकळी तयार होऊ शकते आणि वाढत जाते. ती कशी वाढते, हे हुदा समीकरणांतून मांडते.

विषय निवडला तेव्हा घरात कोणी आजारी नव्हतं. निदान तसं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी एका शोधनिबंधात तिने वाचलं, की अशा रुग्णांना स्पर्श कळतो, पण गरम-गार कळत नाही. हात भाजतो आणि पत्ता लागत नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने आईचे हात पाहिले.

आई, ताजबी, लग्नघरी तांदळाच्या भाकऱ्या करायची. वाफाळती उकड निवायची वाट न बघता मळायची, म्हणून तिची भाकरी मऊ.

"ताजबी, हात हायत का लाकडाचे डाव गो?" शेजारची सगुणा विचारायची.

"सासूने भाजून पक्के केलेत."

सगळ्या हसायच्या. हुदाही. दहा-बारा वर्षं मोहल्ला ज्याला कसब म्हणत होता, ते लक्षण होतं. बोटांवरचे डाग सर्वांनी पाहिले होते.

कोल्हापूरला एमआरआय झाला. निदान कळलं त्या दिवसापासून हुदाने आईला चुलीशी जाऊ दिलं नाही. पोकळी वाढत गेली तशी डाव्या हाताची पकड सुटू लागली, आणि डॉक्टरांनी मानेचं ऑपरेशन सांगितलं. द्रवाची वाट मोकळी होईल, पोकळी वाढायची थांबेल. ताजबी तयार होती. मागच्या रविवारी तिने विचारलं,

"मग चटका परत लागेल काय गो?"

"नाय, अम्मी. गेलेलं बहुतेक येत नाय. पण हात लुळे पडायचे नायत."

"चटका नाय, तर भाकरी नाय. मग मान कशाला कापू?"

"पुढचं ऐक तरी."

"ऐकलं. तूच बोललीस ना, नाय म्हणून?"

त्यानंतर ताजबी या विषयावर बोललेली नाही. कुवेतहून भाऊ साकिब फोनवर म्हणाला, "एकदा हो म्हणाली असतीस, तर काय बिघडलं असतं तुझं?" संमतीपत्रावर सही ताजबीची लागते, आणि ती तिने केलेली नाही.

स्वयंपाकघरात ताजबी खोकते. खोकल्याने द्रवाचा दाब उसळतो; हुदाच्या समीकरणांत ती उसळी पोकळीपर्यंत पोचते आणि तिच्या भिंती ताणते. रुंदी किती दिवसांत किती वाढेल, हे गणित सांगू शकत नाही. कोणत्या दिशेने जाईल, एवढं सांगतं. ताजबी पुन्हा खोकते. हुदा थांबते, मग फाइल साठवते.

ऑपरेशनची तारीख उद्याची, शुक्रवारची होती. हुदाने रजा मागे घेतली आहे. सकाळी सात चाळीसचा द्वितीय वर्षाचा तास उद्या तीच घेणार आहे.