तक्त्यात न हलणारी माणसं

ती घटना मी विसरलो असं कधी झालं नाही, पण या हिवाळ्यात ती दाराशी येऊन बसली आहे आणि उठायचं नाव घेत नाही. ज्या गृहस्थांवर मी तेव्हा संशय घेतला होता, ते गेल्या महिन्यात वारले. त्या प्रकरणानंतर आमची मैत्री झाली, आणि ती शेवटपर्यंत टिकली. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "भाऊजी, ते एकदा नीट लिहून ठेवा. लोक अजून अर्धंच सांगतात." म्हणून लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही. त्या गृहस्थांना वसाहतीत सगळे अण्णा म्हणत, मीही तेच म्हणेन.

मी तेव्हा आर. के. पुरममधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वडील सातारा जिल्ह्यातून फौजेत आलेले, त्यामुळे माझं बालपण दिल्लीच्या कॅन्टोन्मेंटमध्ये गेलं आणि नोकरीही इथल्याच पोलिसांत लागली. आमच्या हद्दीत एका खासगी बँकेची शाखा होती. तिचं मुख्य कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला. जानेवारीतल्या एका सकाळी ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद झाली, की बँकेच्या दाराशी गर्दी जमली आहे आणि बंदोबस्त हवा.

मी स्वतः गेलो. रांगेत बहुतेक निवृत्त माणसं होती. माकडटोप्या, शाली, कुणी घरून घडीचं स्टूल आणलेलं. प्रत्येकाच्या हातात मुदत ठेवीची पावती. आरडाओरडा कुठेच नव्हता. मला गोंगाट करणाऱ्या जमावाची सवय होती. ही माणसं नुसती दाराकडे बघत होती, आणि ते जास्त भीतिदायक होतं. दुपारपर्यंत रांग चौकाच्या पलीकडे गेली. संध्याकाळी बँकेनं लेखी तक्रार दिली, की बँक बुडणार अशी अफवा कुणीतरी पसरवली आहे, त्याचा शोध घ्यावा.

अफवेच्या तपासात मी एक गोष्ट नेहमी आधी बघत असे. अफवा कुणी बोलली, हे सापडत नाही. ती ऐकून पहिल्यांदा कोण उठलं, हे सापडतं. पण खबर माझ्या आधी माझ्या हवालदाराला मिळाली. तो रोहतकचा, जिभेनं तिखट.

"सर, मेरी घरवाली सुबह दूध के बूथ पे खड़ी थी. वहाँ सब यही बोल रहे थे कि बैंक के बड़े साहब की अपनी माँ पिछले हफ्ते सारा पैसा निकाल ले गई. थैले में भरके."

"कौन से साहब?"

"आपके ही हैं, सर. मराठी." मग म्हणाला, "अम्मा तेज निकली. हमारी माँ तो बस आशीर्वाद देती है."

बँकेकडे विचारणा केली. खबर खरी होती. म्हातारीनं मुदतीआधी ठेव मोडून सगळी रक्कम रोख नेली होती. तिचा मुलगा म्हणजे अण्णा. राहायचे आमच्याच हद्दीत, क्वार्टर पत्नीच्या नावावर, त्या मंत्रालयात नोकरीला. अण्णा मुख्य कार्यालयात ज्या विभागात होते, त्याचं कामच व्याजदरापासून बँकेला असलेला धोका मोजण्याचं. आणि बँक अडचणीत येईल असा इशारा त्यांनी वरिष्ठांच्या समितीत आधीच दिला होता, असंही कळलं. आतली बातमी ठाऊक असलेला माणूस, आणि पैसे काढणारी त्याची आई. आणखी काय हवं होतं? बँकेनं त्यांना त्याच दिवशी निलंबित केलं. आरोप टिकला असता तर नोकरी गेलीच असती, खटलाही झाला असता.

मी त्यांना ठाण्यात बोलावलं. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा माणूस. मला वाचनाची आवड आहे, त्यामुळे वाचणारा माणूस मी ओळखतो. मराठीत बोलायला लागलो तेव्हा त्यांचे खांदे किंचित सैल झाले.

"तुमचं काम नेमकं काय, ते मला कळेल असं सांगा."

"बँक लोकांकडून वर्ष-दोन वर्षांसाठी पैसे घेते, साहेब, आणि वीस वर्षांसाठी घरकर्ज देते. सरकारचे पंधरा वर्षांचे कर्जरोखेही घेते. बाजारात व्याजदर वाढले की ठेवीदाराला लवकरच जास्त द्यावं लागतं. जुन्या कर्जाचं आणि रोख्याचं व्याज मात्र होतं तेवढंच राहतं."

"मग बँक बुडते?"

"बुडू नये म्हणूनच आम्ही असतो. दर महिन्याला तक्ता करतो. कोणता पैसा कधी नव्या दराला लागणार, त्याचे कप्पे पाडायचे. येणं आणि देणं यातली दरी फार वाढली, की समितीला सांगायचं. लांब मुदतीचे रोखे विका. कर्ज बदलत्या दरानं द्या. लांब मुदतीच्या ठेवी घ्या. नाहीतर दुसऱ्या बँकेशी व्याजाची अदलाबदल करा, आम्ही ठरलेलं देतो, तुम्ही बदलतं द्या."

"तुम्ही काय सांगितलं होतं?"

"रोखे विका म्हणालो. दर वाढले की जुन्या रोख्याचा भाव पडतो. कमी व्याजाचा कागद कोण घेणार? पण वरिष्ठ म्हणाले, आत्ता विकले तर तोटा दिसेल, मुदतीपर्यंत ठेवायच्या कप्प्यात टाका. त्या कप्प्यातल्या रोख्यांना रोजचा बाजारभाव लावावा लागत नाही."

"म्हणजे तोटा लपवला."

"लपवला नाही. थांबवला. रोखा शेवटपर्यंत धरला तर सरकार पूर्ण पैसे देतं. मध्येच विकायची पाळी आली, तरच तो तोटा खरा होतो."

"आणि ती पाळी कधी येते?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "ठेवीदार एकदम दाराशी आले की. आज सकाळपासून आमची माणसं रोखे विकतायत."

मी शाखेची नोंद समोर ओढली. मग म्हणालो, "रांगेच्या आधी तुमच्या आईंनी सगळी ठेव मोडली. रोख नेली."

"कुणाच्या आईनं?"

"तुमच्या."

ते हसल्यासारखे झाले. "नाही हो. माझ्या तक्त्यात म्हातारी माणसं हलतच नाहीत. पेन्शनवाल्यांची ठेव शेवटपर्यंत राहते, असं आम्ही धरूनच चालतो." मी शाखेची नोंद पुढे केली. ती त्यांनी दोनदा वाचली. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी विचारतो, 'तुम्हाला कुणी सांगितलं?' अण्णांनी विचारलं, "एवढे पैसे घेऊन ती एकटी गेली? तिला रिक्षा मिळाली का?"

तिथेच माझा संशय हलला. पण संशय हलणं म्हणजे पुरावा नव्हे.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. आजींनी मला पोहे दिले आणि समोर बसून राहिल्या.

"आजी, पैसे कुठे आहेत?"

"माझे होते. मी घेतले."

"मुलानं काढायला सांगितले?"

"तो? रिमोटचा सेल बदलायचा तरी मला त्याला तीनदा विचारावं लागतं."

"मग बँक बुडेल असं वाटलं तुम्हाला?"

"बुडेल कशी? माझा मुलगा आहे तिथे." आणि मग माझ्याकडे नीट बघत, "तुमचं मराठी फार तासल्यासारखं आहे. पुस्तकातून शिकलात का?"

मी हो म्हणालो. पण पैशाबद्दल त्या पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. मुलाची नोकरी जाईल असं सांगितलं, तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही. कुणाला तरी दिलेल्या शब्दानं त्या बांधल्या होत्या, एवढं मला दिसलं.

उलगडा झाला तो साध्या पायपिटीनं. हवालदारानं बाजारातल्या सगळ्या रिक्षावाल्यांना विचारलं. एकाला आठवलं. अम्मांना त्यानं बसअड्ड्यावर सोडलं होतं, आणि त्या पानिपतची बस विचारत होत्या.

पानिपतला अण्णांची धाकटी बहीण राहत होती. हातमागाच्या कारखान्यात चादरींचे नमुने काढणाऱ्या, दुसऱ्या धर्माच्या माणसाशी तिनं लग्न केलं होतं. अण्णा लग्नाला गेले नव्हते. नंतर घरात तिचं नाव निघालं की ते ताटावरून उठून दुसऱ्या खोलीत जात. हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. मी पानिपतला गेलो. त्या बाई दवाखान्यात होत्या, ऑपरेशन झालेलं. नवरा उशाशी स्टूलवर बसला होता. आईनं आणलेले पैसे तिथे भरले गेले होते.

"दादाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "आईकडून मी वचन घेतलंय. त्याला कळलं तर तो कर्तव्य म्हणून येईल. तसा यायला नकोय मला."

"नाही सांगितलं तर तो गुन्हेगार ठरेल, ताई."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "मग आईला सांगा, वचन सुटलं. पण त्याला एवढं कळू द्या, मी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली."

परत येऊन मी आजींना तो निरोप दिला. म्हणालो, "माझ्या अहवालात मला हे लिहावं लागेल." त्यांनी मान हलवली. "तुम्ही लिहा. पण लोकांना मीच सांगते. बोलणं जिथून उठलं, तिथेच बसायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या बूथवर धुकं होतं. मी एका कडेला उभा होतो. आजी आल्या, मागे किटली घेऊन अण्णा. सगळं घडल्यापासून ते आईला एकटीला कुठे सोडत नव्हते. रांगेत कुजबुज झाली. आजी रांगेच्या तोंडाशी गेल्या आणि मोडक्या हिंदीत बोलल्या. आवाज चढवला नाही.

"मेरी बेटी बीमार है. पानिपत में. बहुत बीमार. पैसा उसको दिया. बैंक को कुछ नहीं हुआ. मेरे बेटे को मालूम भी नहीं था."

पुढे उभ्या असलेल्या एका सरदारजींनी विचारलं, "अब कैसी है बिटिया?" आजींनी नुसता हात हलवला. अण्णांनी किटली जमिनीवर ठेवली होती. "आई, घरी चल," एवढंच ते म्हणाले, आणि किटली तिथेच राहिली. मी ती उचलून मागून घेऊन गेलो.

बूथवर पसरलेली गोष्ट बूथवरूनच मागे फिरली. आणि बँक येईल त्याचे पैसे देत राहिली, हेही लोकांनी पाहिलं. रांग पातळ होत गेली आणि काही दिवसांत संपली. माझ्या अहवालावरून अण्णांचं निलंबन रद्द झालं. कार्यालयानं त्यांना ताबडतोब बोलावलं, कारण रोखे विकणं थांबवायचं होतं आणि उरलेल्यांचा हिशेब लावायचा होता. अण्णा गेले. आईला म्हणाले, रविवारी पानिपतला जाऊ. ऑपरेशन झालंय, आता बहीण सावरेल, असंच सगळे धरून होते.

शुक्रवारी ती गेली.

मी चौकशीसाठी नव्हे, सहज म्हणून अण्णांकडे गेलो तो बऱ्याच दिवसांनी. दोघांनी चहा घेतला. ते आपणहून बोलले. "कामाचं नुसतं निमित्त होतं, साहेब. मला भीती वाटत होती. इतकी वर्षं तिला मी त्या कप्प्यात ठेवलं होतं. रोज भाव लावायला नको. मुदत संपायच्या आत कधीतरी जाऊच, असं धरून चाललो होतो."

मी उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

बँकेचं पुढे बरं झालं, हेही सांगायला हवं. उरलेले रोखे तिनं धरून ठेवले. काही वर्षांनी व्याजदर उतरले, रोख्यांचा भाव परत आला, कागदावरचा तोटा कागदावरच विरून गेला. थांबणं बँकेला फळलं. अण्णा हे सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात कडवटपणा नसे, नुसती नोंद केल्यासारखं सांगत.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. गप्प बसलेला माणूस दर वेळी स्वतःला वाचवत नसतो, पुष्कळदा दुसऱ्याला वाचवत असतो. पुढच्या नोकरीत कुणी जबाब द्यायला नकार दिला, की मी आधी मनाशी विचारायचो, हा कुणासाठी गप्प आहे? त्यानं माझ्याकडचे काही गुन्हे लवकर उलगडले, आणि काही माणसं माझ्या हातून कमी दुखावली गेली.

अण्णांना निरोप द्यायला गेल्या महिन्यात पानिपतहून त्यांचे मेहुणे आले होते. केस पूर्ण पांढरे झालेले. अण्णांच्या अंगावर घालायला त्यांनी स्वतः नमुना काढलेली चादर आणली होती. दोन्ही घरांचं येणंजाणं त्या शुक्रवारपासून कधी तुटलं नव्हतं.

अण्णा कामावर परतले तेव्हा आपल्या तक्त्यात त्यांनी एकच बदल केला होता. म्हाताऱ्या माणसांच्या ठेवींचा एक हिस्सा त्यांनी शेवटच्या कप्प्यातून काढून अगदी पहिल्या कप्प्यात घातला, कधीही हलू शकतात म्हणून. समितीत कुणीतरी विचारलं, "याला आधार काय?"

"घरचा अनुभव," अण्णा म्हणाले, आणि पान उलटलं.