हेडफोनचं छिद्र

आमच्या मोठ्या काकूचा राग आरडाओरडा करणारा नाही. ती गप्प बसते आणि कामाला लागते. म्हणून तर तो महागात पडतो.

काका गेल्यावर तिने टायपिंगचं काम धरलं. हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून रेकॉर्ड करून ठेवत, ती हेडफोन लावून ते ऐके आणि टाइप करी. पेशंटच्या खाजगी गोष्टी, त्यामुळे स्पीकरवर लावायला सक्त मनाई. यूएसबी आणि ब्लूटूथही हॉस्पिटलने तिच्या लॅपटॉपवर बंद करून ठेवलेलं. राहिलं ते बाजूचं एक छिद्र, ज्यात हेडफोनची पिन जाते. तिचं सगळं पोट त्या एका छिद्रावर.

एका सोमवारी लॅपटॉपला हेडफोन ओळखूच येईना. पिन लावली तरी आवाज स्पीकरमधूनच. काकूने तोच हेडफोन मोबाइलला लावून पाहिला, चालला. लॅपटॉप बंद करून चालू केला, सेटिंग धुंडाळली, तिथे हेडफोनचं नावच नाही. मग ती मधल्या काकांकडे गेली. तिचे सख्खे दीर. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारे, नाक्यावर लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान असलेले.

आठ दिवसांनी काकांनी लॅपटॉप परत दिला. "वहिनी, मदरबोर्ड गेलाय. नवीनच घ्या. तुमच्या हाताला यंत्र सोसत नाही, बघा." शेवटचं वाक्य दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर. सगळे हसले.

नवीन घ्यायची ऐपत नव्हती. महिनाभर काम थांबलं आणि हॉस्पिटलने ते दुसऱ्या बाईला दिलं. ती दुसरी बाई म्हणजे मधली काकू.

एका दुपारी मोठी काकू कात्री मागायला वर गेली. मधल्या काकूचा लॅपटॉप टेबलावर होता. दोघींचे लॅपटॉप काकांनीच एका खेपेत आणलेले, अगदी जुळे. मोठ्या काकूला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून तिने आपल्या हेडफोनच्या छिद्राच्या कडीला लाल नेलपॉलिश लावलं होतं. ती लाल कडी आता जावेच्या लॅपटॉपवर होती. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र कोरी काळी. तिला वाटलं होतं, भाऊजींनी पुसून दिली असेल.

ती कात्री घेऊन खाली आली.

पुढचे तीन दिवस तिने व्हिडिओ पाहिले, चष्म्यावर भिंग धरून लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मला तिने दाखवलं. "हे बघ, छिद्र या छोट्या पट्टीवर असतं. मदरबोर्डाशी याचा संबंध फक्त या एका केबलपुरता. आत एक पातं असतं. पिन आली की ते सरकतं, म्हणून लॅपटॉपला कळतं. यातलं पातं मोडलंय."

"मग तुझ्या मूळच्या पट्टीला काय झालं होतं?"

"काय होणार? आत कापसाचा मळ अडकला असेल. भाऊजींनी टूथपिकने काढला असेल. जावेची पट्टी मोडलेली, माझी धडधाकट. मग काय, उचलली."

रविवारी सगळे खालच्या मजल्यावर आजोबांकडे जेवायला जमलो. ताटं उचलल्यावर मोठ्या काकूने टेबल पुसलं, कापड अंथरलं. "भाऊजी, तिचा लॅपटॉप आणायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे." सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? मधली काकू घेऊन आली.

दोन्ही लॅपटॉप उघडले गेले. लाल कडीची पट्टी मोठ्या काकूने काढून आपल्यात बसवली, मोडकी तिकडे. पिन लावली. पडद्यावर कोपऱ्यात आलं: हेडफोन जोडला.

आजोबांनी विचारलं, "हे काय?"

"वहिनी, दुकानात घाई असते, चुकून..." काका म्हणाले.

"चुकून एखादा स्क्रू हरवतो, भाऊजी. अख्खी पट्टी जिना चढून वर जात नाही."

आजोबा उठून आत गेले. मधली काकू नवऱ्याकडे बघत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं, असं मला अजून वाटतं. मोठ्या काकूला नाही वाटत.

आम्ही समजलो, संपलं. पण हॉस्पिटलने काम काही परत दिलं नाही, आणि काकूनेही काकांना सोडलं नाही. काकांच्या दुकानासमोर झेरॉक्सवाल्या बाईचं दुकान होतं. तिथे एक टेबल मिळवून काकूने पाटी लावली: "हेडफोनमधून ऐकू येत नाही? नवीन घेण्याआधी इथे दाखवा." गिऱ्हाइकाला समोर बसवून, भिंग त्याच्याच हातात देऊन ती छिद्र दाखवायची. दहातल्या सहा जणांचा नुसता मळ निघायचा. माणूस लॅपटॉप उचलायचा आणि समोरच्या दुकानाकडे एक नजर टाकून जायचा. ती नजर काकूला हवी होती.

हळूहळू लोक बाकीची दुरुस्तीही तिच्याकडेच आणू लागले. दीड वर्षाने काकांनी दुकान दुसऱ्या भागात हलवलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काकू टेबलाशी उभी राहून शेवटच्या खोक्यापर्यंत बघत होती. काका तिच्या समोरून गेले, थांबले नाहीत.

मी म्हटलं, "आता तरी बरं वाटलं का?"

तिने थोडा विचार केला. "वाटलं होतं तेवढं नाही. पण वाटलं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बसा. कधीपासून बंद आहे?"