आमचं रविवारचं फ्रेंच

किस्से कोणी मुद्दाम जमवायला जात नाही. काळ्या रानातून चालताना चपलेला चिखल चिकटतो ना, तसे ते चिकटतात. घरी येऊन चप्पल उचलली की मग कळतं, केवढं वजन झालंय!

आमच्या फ्रेंचच्या क्लासचं तसंच झालं. अकरावी-बारावी नवीनच निघणार होती, आणि फ्रेंच घेतलं की मार्क पडतात ही बातमी पुण्याहून आमच्याकडं पोचली होती. शिकवायला माणसं मात्र नव्हती. मी पुण्याला बी. ए.ला फ्रेंच घेतलं होतं. मग वडील गेले, मी साताऱ्याला परत आले, आणि चार वर्षांत सगळ्यावर गंज चढला. नोकरी हवी तर तो गंज घासून काढणं भाग होतं. म्हणून दर रविवारी पहाटेची एसटी धरून सांगली!

सांगलीत गावभागात टेंबे सर राहायचे. जन्मभर पुण्यात फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले, एकटे. त्यांच्याकडं आम्ही तिघं: मी, बँकेत कारकून असलेला विनायक, आणि लीलाताई. लीलाताई पस्तिशीच्या, लग्नाआधी मुंबईत फ्रेंच शिकलेल्या. तिघांनाही एकच व्हायचं होतं, फ्रेंचचे मास्तर!

*

पहिल्या महिन्यातच एक गोष्ट आमच्या लक्षात आली. सरांना ऐकू येत नव्हतं.

त्यांनी ते लपवलं होतं. आम्ही वाचायला लागलो की ते डोळे मिटून मान हलवायचे. "छान. नाकातून या अजून थोडं." आम्ही आणखी नाकातून यायचो.

एकदा माझा घसा पार बसला होता. सांगावं कसं, म्हणून मी नुसते ओठ हलवत अख्खा धडा वाचला. घशातून हूं की चूं नाही! विनायक तोंडात रुमाल कोंबून बसलेला.

धडा संपला. सरांनी डोळे उघडले, भरून आलेले होते.

"आज," ते म्हणाले, "आज तुमचा उच्चार पॅरिसचा झाला!"

परतीच्या एसटीत मला आधी हसू आलं. मग कराड येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले.

*

लीलाताईंना अभ्यासाला वेळ मिळायचा तो फक्त चुलीपुढं. त्यांनी चुलीमागच्या भिंतीवर खडूनं क्रियापदं लिहून ठेवली होती. भाकरी थापता थापता पाठ करायच्या.

त्याच महिन्यात सासूबाईंचं तोंड वाकडं झालं. लकवा. डॉक्टर आले, औषध झालं, फरक नाही. मग सासूबाईंनीच वाकड्या तोंडानं भिंतीकडं बोट दाखवलं. "हे लिहिलं तेव्हापासून!"

नदीपलीकडून देवऋषी बोलावला. त्यानं भिंतीपुढं उदबत्ती लावली, अक्षरांवरून हात फिरवला आणि दोन पावलं मागं सरकला.

"आवं, ही लय जुनी विद्या हाय. ह्ये माझ्या हातचं न्हाई!"

भिंत शेणानं सारवली. वह्या बंबात गेल्या. लीलाताईंचा क्लास बंद झाला.

पुढं दोन महिन्यांनी त्या मला मारुती चौकात भेटल्या. नवरा बरोबर होता. मी आपली सवयीनं फ्रेंचमध्ये म्हटलं, "कशा आहात?" त्यांनी झटकन नवऱ्याकडं पाहिलं, आणि मला मराठीत म्हणाल्या, "कोण हो आपण?"

*

मग आणीबाणी आली. विनायकच्या शेजारच्या खोलीत कुणी पत्रकं वाटणारा राहत होता. पोलीस त्याला धरायला आले, तो सापडला नाही. मग रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून विनायकला घेऊन गेले. त्याची वहीपण घेतली.

"ही कसली भाषा?" साहेबांनी विचारलं.

"फ्रेंच."

"काय लिहिलंय? वाच मराठीत."

विनायकचं नशीब बघा. त्या पानावर नेमकं पळून जाण्याचं क्रियापद होतं! तो वाचायला लागला. "मी पळालो. तू पळालास. तो पळाला."

"तो कोण?"

"कोणी नाही साहेब. तृतीय पुरुष."

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "त्या तिसऱ्या पुरुषाचं नाव सांग!"

नाव विनायक कुठून सांगणार! त्या रात्री त्याचं काय झालं ते त्यानं कधीच सांगितलं नाही. पुढं कितीतरी महिने तो पेन डाव्या हातानं धरायचा, एवढंच आम्ही बघितलं.

दुसऱ्या दिवशी वही तपासायला टेंबे सरांना ठाण्यावर बोलावलं. गावात फ्रेंच येणारा दुसरा माणूसच नव्हता. सरांनी पान अन् पान वाचलं. खिशातून लाल पेन्सिल काढून जागोजाग खुणा केल्या. साहेब वाट बघून कंटाळले.

"धोकादायक आहे का हो?" ते ओरडले.

सरांना त्यातलं काय ऐकू आलं देव जाणे. "भयंकर!" ते म्हणाले. "स्त्रीलिंग-पुल्लिंग काही कळत नाही याला!"

विनायक आणखी दीड महिना आत राहिला. सुटून आला तेव्हा बँकेनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. त्यानं फ्रेंच सोडलं. सर मात्र मरेपर्यंत मला विचारत राहिले, "विनायक का येत नाही? मी त्याला फार चुका दाखवल्या का?"

मी खरं सांगितलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

*

शेवटी शेवटी क्लासला मी एकटी उरले. सरांचा स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येईना, म्हणून तो हळूहळू लहान होत गेला. डिक्टेशन देताना नुसते ओठ हलायचे. मी ओठ बघून लिहायची. दहातले सात मार्क पडले.

"तीन शब्द चुकलात," असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "परवाच गेले. तुम्हाला कळवायचं कसं? पत्ता विचारला तर ते फ्रेंचमध्येच काहीतरी पुटपुटत होते."

*

त्याच उन्हाळ्यात मला इंटरव्ह्यूचं पत्र आलं. रहिमतपूरच्या पुढं एक संस्था होती, चेअरमन ऊसवाले. ते पुण्याला जाऊन आले होते आणि हट्टाला पेटले होते. "पुण्याची पोरं फ्रेंचात ऐंशी-ऐंशी मार्क काढत्यात. आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

पुण्याहून यायचे होते ते तज्ज्ञ आलेच नाहीत. समितीत पाच जण, फ्रेंच कुणालाच येत नव्हतं.

"बोला की बाई कायतरी फ्रेंचात," चेअरमन म्हणाले.

मी पाच मिनिटं न थांबता बोलले. शाळा, बाग, ऋतू, जे आठवलं ते. सगळे डोळे मोठे करून ऐकत होते. मी थांबले. चेअरमन बाकीच्यांकडं वळले.

"पोरगी झ्याक बोलती. पर खरं बोलती का खोटं, ह्ये कुणाला ठावं?"

खरंच की! मी त्यांना सर्टिफिकेट दाखवलं. ते म्हणाले, "कागद काय, कुणीबी आणतंय. तुमचं मास्तर कोन हुतं, त्येंलाच बोलवा."

"ते वारले," मी म्हटलं.

तेवढ्यात चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. "सायेब, आमच्या सासरवाडीत हाय एक म्हातारा. पयल्या लढाईला फ्रान्सात गेलावता. त्येला येतंय फ्रेंच."

"झालं तर!" चेअरमननी मांडीवर थाप मारली. "त्यानं व्हय म्हटलं की ऑर्डर काढा."

*

शिपायाची सासरवाडी दोन मैलांवर होती. मी, संस्थेचे हेडक्लार्क आणि शिपाई भर उन्हात चालत गेलो. हेडक्लार्कांनी दाखला लिहायला कागद आणि शाईचा अंगठ्याचा पॅड बरोबर घेतला होता.

म्हातारा गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसला होता. ऐंशीच्या घरातला, डाव्या पायाची बोटं नसलेला. सून पाणी घेऊन आली. तिला काम सांगितलं तर ती म्हणाली, "आवं, आबा मराठीबी धड बोलत न्हाईत. आमी लगीन होऊन आलो तवापासनं असंच. आबा आन त्येंचा धाकला भाव, दोघंबी गेल्यालं लढाईला. आबा एकलंच माघारी आलं."

हेडक्लार्क घड्याळ बघत म्हणाले, "बाई, विचारा काय ते लवकर."

मी बाजेपुढं खाली बसले. त्यांना नमस्कार केला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, फ्रेंचमध्ये विचारलं, "बाबा, तुम्ही कसे आहात?"

गाईनं शेपूट हलवलं. मी परत विचारलं.

म्हाताऱ्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग बाजेवर हात टेकून ताठ बसला, आणि अगदी स्वच्छ, कुठंही न अडखळता म्हणाला, "ऊ ए मों फ्रेर?"

एवढं नितळ फ्रेंच मी टेंबे सरांच्याही तोंडून ऐकलं नव्हतं.

"काय म्हणतोय?" हेडक्लार्क.

"माझा भाऊ कुठं आहे, असं विचारतायत."

म्हातारा माझ्याकडं बघतच होता. त्यानं परत तेच विचारलं. जरा मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा, माझं मनगट धरून. सून पदर तोंडाला लावून उभी होती.

मला जे बोलता आलं तेच बोलले. "ज न से पा." मला माहीत नाही.

त्यानं माझं मनगट सोडलं. हळूहळू मागं टेकला. मग हेडक्लार्कांकडं वळून, कित्येक वर्षांनी बोलावं तसं खरखरत, मराठीत म्हणाला,

"व्हय. तिकडं दवाखान्यातल्या समद्याजणी अशाच म्हनायच्या. पोरीचं फ्रेंच खरं हाय, लिवा."