खेचरावरून आलेली रजिस्टरं

इथे परदेशात, चँडलरमध्ये, कुणाच्या परसात हिरव्या मिरच्या भाजल्या, की त्या ठसक्यासरशी मला आमच्या मेक्सिकन शेजारणीचं स्वयंपाकघर आठवतं. मुलगी तेव्हा सहावीत होती आणि शाळेने 'एका गावाचा कारभार' असा प्रोजेक्ट दिला होता. तिने मला न विचारताच शेजारणीचं गाव घेतलं. मी मुलीला जेवायला बोलवायला शेजारणीकडे गेले, तर ही भराभर लिहून घेत होती. शेजारीण भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत सांगत होती, की त्यांचं गाव आधी दुसऱ्या गावाच्या नगरपालिकेखाली होतं, साध्या जन्मदाखल्यासाठी डोंगर उतरून जावं लागे. वर्षानुवर्षं अर्ज करून वेगळी नगरपालिका मिळाली, तेव्हा तिच्या आजोबांनी जन्ममृत्यूची रजिस्टरं खेचरावर लादून गावात आणली. "मग काय झालं, टीया?" मुलीने विचारलं. टीया म्हणजे मावशी. माझ्या सख्ख्या बहिणीशी मुलगी फोनवर दोन वाक्यं बोलत नाही. माझा जळफळाट झाला. घरी येताना मी म्हटलं, "माझ्या गावालाही नगरपालिका आहे." "रिअली? सिन्स व्हेन?" ती थांबली आणि तिने वही उघडली. मला माहीत नव्हतं. "उद्या सांगते," मी म्हटलं. भावाला फोन करून नगरपालिका कोणत्या साली झाली ते विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, तिथून निवडणूक लढवतेस की काय?" साल सापडेपर्यंत प्रोजेक्ट देऊन झाला होता. आता ती कॉलेजात आहे. मला ते साल पाठ आहे. तिने परत विचारलेलं नाही.